तीन तास चाळीस मिनिटं कमी

३ जून २०२४, सोमवार. संध्याकाळी सहाच्या सुमारास भाचीचा फोन आला. "मावशी, फॉर्म भरायला बसलेय. सगळं आहे, पण लॉगबुक बसत नाहीये. तू येतेस का?" मी कोथरूडला राहते, ती सिंहगड रोडला. तासाभरात पोचले. टेबलावर तीन फाइली, तिचं निळं लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची वही, आणि कॅल्क्युलेटर. तिचे बाबा शेजारी बसलेले, काहीच न बोलता.

तिच्या नावावर २०० तासांचं उड्डाण होतं. पाचही पेपर सुटले होते. मेडिकल चालू होतं. रेडिओचा निकाल आठवड्यापूर्वीच लागला होता, पास. डिसेंबरमध्ये तास पूर्ण झाले तेव्हा आम्ही सोसायटीत पेढेही वाटले होते. आणि तरीही त्या संध्याकाळी ती व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, म्हणजे सीपीएलला, पात्र नव्हती. कमी पडत होते तीन तास चाळीस मिनिटं.

त्या तुटीपायी पुढचे सहा महिने आणि तीन लाखांच्या वर रक्कम गेली. मी एकतीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. फाइल वाचणं हे माझं काम होतं. या फाइलमध्ये मला जे आधी दिसायला हवं होतं ते दिसलं नाही, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढते आहे. मुलीचं, संस्थेचं, बँकेचं नाव घालत नाही, त्याची गरजही नाही.

भाची २०२० साली बारावी झाली, सायन्स घेऊन. सीपीएलसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, ते तिच्याकडे होतं. कॉमर्सच्या मुलांना हे दोन विषय नंतर मुक्त विद्यालयातून सोडवावे लागतात. तिच्या बॅचला असे दोघं होते. एक वर्ष बी. एस्सी. केलं, तेही घरात बसून मोबाइलवर, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात तिने सांगितलं की मला एअरलाइनमध्ये जायचंय. माझी आई तेव्हा होती. तिला सौदामिनी देशमुख आठवल्या. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचं, सगळ्या स्त्रियाच चालक असलेलं पहिलं विमान कोलकाता ते सिलचर नेणाऱ्या. "आपल्यातलीच बाई," आई म्हणाली, आणि घरातला विरोध तिथेच निम्मा संपला.

उरलेला निम्मा पैशाचा होता, आणि तो माझ्याकडे आला.

मी एक अट घातली. कर्जाचा अर्ज नंतर, आधी क्लास वन मेडिकल. याबाबतीत मात्र मी बरोबर होते. वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीचे दोन टप्पे असतात. क्लास टू ही सुरुवातीची, डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडे होते. तिची पुण्यातच सप्टेंबरमध्ये झाली. व्यावसायिक परवान्याला लागते ती क्लास वन. डोळे, कान, ईसीजी, रक्त, छातीचा एक्स-रे, रंग ओळखण्याची चाचणी, सगळं कसून. तिला बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनची तारीख मिळाली. चष्म्याची आम्हाला धास्ती होती, पण चष्म्याने दृष्टी पूर्ण होत असेल तर चष्मा चालतो. अडली ती हिमोग्लोबिनवर. तात्पुरती अपात्र. तीन महिने अळिवाचे लाडू, पालक, गोळ्या, आणि मार्च २०२२ मध्ये पात्र. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने फ्लाइंग स्कूलची पहिली दहा लाखांची फी आधी भरली आणि क्लास वन नंतर केलं. मुलाला रंगांची चाचणी जमली नाही. ते पैसे परत यायला वर्ष लागलं, तेही अर्धेच आले.

त्याच काळात कागद चालू होते. डीजीसीएच्या परीक्षांना बसायचं तर आधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो, आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची मंडळाकडून पडताळणी. शिवाजीनगरच्या बोर्डाच्या ऑफिसात मी स्वतः तीनदा गेले. लोक या पडताळणीवर चिडतात. मी चिडले नाही. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका दाखवून परवाने काढल्याची प्रकरणं देशात उघडकीला आली होती, आणि पाठीमागे दीडशे माणसं बसवून उडणाऱ्याचा कागद खरा आहे की नाही हे कोणीतरी बघायलाच हवं.

पेपर पाच. एअर रेग्युलेशन्स, मीटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन, टेक्निकल जनरल, आणि ज्या विमानावर शिकता त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. सगळे बहुपर्यायी, प्रत्येकात सत्तर टक्के लागतात. एकोणसत्तरला नापास. पुण्यात या विषयांचे क्लास आहेत, आणि नारायण पेठेतल्या ज्या अभ्यासिकेत ती बसायची तिथे बाकी सगळे एमपीएससीचे. त्यांच्यात ही एकटी नकाशावर प्रोट्रॅक्टर ठेवून रेघा मारायची. चहाच्या टपरीवर तिला 'पायलट' म्हणायचे.

हवामानशास्त्र तिला आवडलं. क्लासला जाताना बस शिमला ऑफिसवरून जायची. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं म्हणून त्या इमारतीला आणि चौकाला ते नाव पडलं, हे तिला तोपर्यंत माहीत नव्हतं. मग रोज सकाळी पुणे विमानतळाचा हवामान अहवाल, वीएपीओ या सांकेतिक नावाने येणारा, उलगडून मला फोनवर सांगायचा हा तिचा रियाज झाला. "मावशी, वारा २७० वरून दहा नॉट, दृश्यमानता तीन हजार मीटर, धुरकट." जानेवारी २०२२ मध्ये मीटिऑरॉलॉजी ७८, रेग्युलेशन्स ८४.

नेव्हिगेशन एप्रिलमध्ये गेलं. ६४. तो निकाल मी इथे जरा खोलात सांगते, कारण तिच्या गणितात खोट नव्हती. दहावीला तिला गणितात ९६ होते. खोट वाचनात होती. हवामान अहवालातला वारा खऱ्या उत्तरेपासून मोजलेला असतो. टॉवर धावपट्टीवरचा वारा सांगतो तो चुंबकीय उत्तरेपासून. शिवाय वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती, जिकडे जातो ती नव्हे. प्रश्नात कुठला वारा दिलाय हे न बघता तिने आकृती काढायला घेतली की पुढची तीनही उत्तरं चुकायची, आणि चारही पर्यायांत तिचं चुकीचं उत्तर हजर असायचं. पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं मुलं कुठे घसरणार. क्लासच्या सरांनी तिला महिनाभर एकच करायला लावलं: आकृती काढायची नाही, फक्त प्रश्न वाचून शेजारी 'खरा' किंवा 'चुंबकीय' लिहायचं आणि बाणाची दिशा दाखवायची. शंभर प्रश्न, दोनशे प्रश्न. मग एक-साठचा नियम, साठ मैलांवर एक मैल बाजूला गेलात तर एक अंशाची चूक, हा तिला तोंडी यायला लागला. जुलैमध्ये पहाटेच्या शिवनेरीने मुंबईला जाऊन ८१ घेऊन आली.

पण तोवर ती फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल झाली होती. जून २०२२ मध्ये. तारखांच्या बाबतीतली आमची पहिली चूक ही.

पुण्यात विमान चालवायला शिकता येत नाही, निदान एअरलाइनच्या वाटेवरचं. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, नागरी विमानं तिथे पाहुणी. हडपसरला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे आणि आकाशाची गोडी लागायला त्याच्यासारखी जागा नाही, भाची तिथे दोनदा बसली. पण ग्लायडरचे तास वेगळे. सीपीएलसाठी बारामती, धुळे, गोंदिया, नाहीतर राज्याबाहेर. ती गेली ती संस्था पुण्यापासून काही तासांवर. संस्थेने सांगितलं, बारा महिन्यांत तास पूर्ण. फी बावन्न लाख.

साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं. सिंहगड रोडचा फ्लॅट गहाण ठेवला. चाळीस लाख कर्ज, बाकी बाबांची पुंजी. व्याज साडेदहा टक्के. पूर्ण रक्कम उचलल्यावर नुसतं व्याजच महिन्याला ३५,००० होतं, आणि ते आम्ही पहिल्यापासून भरायचं ठरवलं, म्हणजे मुद्दल फुगणार नाही. हप्ता सुरू होणार अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष झाल्यावर. मी अभ्यासक्रम बारा नाही, अठरा महिने धरायला लावला. डिसेंबर २०२३ अधिक एक वर्ष, म्हणजे हप्ता जानेवारी २०२५ पासून. मला वाटलं, भरपूर मोकळीक ठेवली.

जून ते सप्टेंबर २०२२ या चार महिन्यांत ती एकोणीस तास उडाली. ज्याने सह्याद्रीच्या आडोशाचा पावसाळा पाहिलाय त्याला यात नवल वाटू नये. शिकाऊ मुलांचं उड्डाण डोळ्यांनी बाहेर बघून करायचं असतं. ढग खाली आले, दृश्यमानता गेली, आडवा वारा मर्यादेपलीकडे गेला की डिस्पॅचच्या खोलीत बसून राहायचं. गणवेश घालून सकाळी सहाला हजर, दुपारी दोनला परत. संस्था यात खोटं बोलली असं मी म्हणणार नाही, पण बारा महिन्यांचं आश्वासन देताना त्यातले चार महिने पावसाचे आहेत हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तिने ऑक्टोबरमध्ये प्रवेश घेतला असता तर होस्टेल आणि मेसचे चार महिन्यांचे पैसे वाचले असते आणि नेव्हिगेशन घरी बसून निवांत सुटलं असतं.

ऑक्टोबरपासून चित्र पालटलं. पहिला सोलो, म्हणजे एकटीने केलेलं उड्डाण, नोव्हेंबरमध्ये. पुढच्या मेपर्यंत १३१ तास. दुसऱ्या पावसाळ्यात एका विमानाचं इंजिन ओव्हरहॉलला गेलं, रांग लांबली, सप्टेंबरअखेर १४८. शेवटचे बावन्न तास तिने अडीच महिन्यांत काढले आणि १७ डिसेंबर २०२३ ला २०० पूर्ण झाले. तेच आमचे पेढे.

आता नियम बघू. विमान नियमावली, १९३७, परिशिष्ट दोन. सीपीएलला एकूण २०० तास. त्यातले किमान १०० पीआयसी म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची. पीआयसीमध्ये २० तास एका गावाहून दुसऱ्या गावाला, आणि त्यात एक उड्डाण किमान ३०० सागरी मैलांचं, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. ३०० सागरी मैल म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वर. रात्रीचे ५ तास, त्यात पीआयसी म्हणून १० टेक-ऑफ आणि १० लँडिंग. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर उडण्याचे, १० तास, त्यातले सिम्युलेटरवर फार तर ५. शिवाय चार चाचण्या: दिवसाची सर्वसाधारण, रात्रीची सर्वसाधारण, दिवसाची २५० सागरी मैलांची, रात्रीची १२० सागरी मैलांची.

हे सगळं माझ्या यादीत होतं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. जे नव्हतं ते हे: त्या १०० पीआयसी तासांपैकी किमान १५ तास अर्जाच्या तारखेआधीच्या सहा महिन्यांतले हवेत. आणि चारही चाचण्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांतल्या हव्यात.

मी हे वाक्य वाचलं होतं. वाचलं आणि पुढे गेले, कारण तेव्हा ती जवळजवळ रोज उडत होती आणि १५ तास हा आकडा क्षुल्लक वाटला.

आता ३ जूनचं टेबल. सहा महिने मागे म्हणजे ३ डिसेंबर. ३ ते १७ डिसेंबर या पंधरवड्यात पीआयसी म्हणून तिचे तास ११ तास २० मिनिटं. हवेत १५. उरले तीन तास चाळीस. दिवसाच्या दोन चाचण्या १८ आणि २४ नोव्हेंबरच्या, दोन्ही मुदतीबाहेर. रात्रीच्या १२ आणि १४ डिसेंबरच्या, म्हणजे आठ-दहा दिवस शिल्लक.

तिचे बाबा म्हणाले, "मग काय, उद्या जा, चार तास उडून ये, दोन चाचण्या दे, झालं." मलाही आधी तसंच वाटलं. कागद घेऊन मांडायला बसलो तेव्हा कळलं की सहा महिन्यांची ही खिडकी जागेवर थांबत नाही. अर्ज एक दिवस पुढे गेला की मागचा एक दिवस गळतो. ५ डिसेंबरला ती दीड तास उडाली होती. अर्ज ६ जूनला केला तर तो दीड तास गेला. ९ तारखेचे दोन तास दहा जूनला गेले. १७ जूननंतर शिल्लक शून्य, आणि रात्रीच्या चाचण्याही गेल्या. हंड्याला खालून छिद्र असताना वरून भरायचं तसं ते होतं, आणि वरून ओतायला पाणी नव्हतं, कारण बाहेर पाऊस आला होता. संस्थेत फोन केला. परीक्षक पुढच्या आठवड्यात नाहीत, विमानांपुढे चालू बॅचची रांग, हवामान बघून सांगू. त्यांचंही खरंच होतं.

डिसेंबर ते जून ती करत काय होती? आरटीआर.

रेडिओवर बोलण्याचा परवाना नसेल तर सीपीएल मिळत नाही, आणि त्यासाठी आरटीआरची परीक्षा. तेव्हा ती दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घ्यायची. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ते काम डीजीसीएकडे आलं. एका भागात कानाला हेडफोन लावून कल्पित उड्डाणाचं संभाषण करायचं, टॉवरची परवानगी मागण्यापासून 'मेडे' या संकटाच्या हाकेपर्यंत. दुसऱ्यात समोर परीक्षक बसून तोंडी विचारतात. भाची २०२३ च्या सुरुवातीला पहिल्यांदा बसली आणि तोंडीत गेली. व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत का जातात, डोंगराआड आवाज का येत नाही, असा प्रश्न होता. तिला येत होतं. पण मराठी शाळेतली मुलगी. समोर गणवेशातला माणूस, इंग्रजीत झटपट उत्तर, आणि तिची जीभ अडखळली. ही अडचण इंग्रजी येत नाही अशी नव्हती. तिने आयुष्यात इंग्रजी लिहिलं होतं भरपूर, बोलली होती फार थोडं.

नापास झाल्यावर तिने ठरवलं, आधी तास संपवते, मग निवांत आरटीआर. संस्थेतल्या सीनियर मुलांनीही तोच सल्ला दिला. ऐकायला शहाणपणाचा. सगळं प्रकरण या एका निर्णयावर फिरलं. तासांना शेवटच्या सहा महिन्यांची अट आहे. आरटीआरला तशी नाही. ती एकदा सुटली की सुटली. जे नासतं ते तिने आधी केलं आणि जे टिकतं ते नंतर.

दुसऱ्या वेळची तयारी घरात झाली. मी टॉवर व्हायचे. बाल्कनीत उभी राहून, हातात तिने लिहून दिलेला कागद. ती स्वयंपाकघरातून हाक द्यायची, "पुणे टॉवर, व्हिक्टर टँगो..." आणि मी उत्तर द्यायची. वीटी ही भारतीय विमानांच्या नोंदणीची सुरुवातीची अक्षरं. कुकरच्या शिट्टीतही तिने वाक्य तोडायचं नाही असा नियम केला होता. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, सगळं ठीक आहे ना. तोंडी उत्तरं ती आधी मराठीत सांगायची, मला समजेपर्यंत, मग तेच इंग्रजीत. मला समजलं की तिला पक्कं समजलेलं असायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईला बसली, २७ मेला निकाल लागला. डिसेंबरनंतर एकदाही उडाली नव्हती, कारण फीमधले तास संपले होते आणि वरचा प्रत्येक तास साडेचौदा हजारांचा. पैसे वाचवले असं आम्हाला वाटत होतं.

जून, जुलै, ऑगस्ट तसेच गेले. सप्टेंबरअखेर ती पुन्हा संस्थेत गेली. नऊ महिन्यांनी विमानात बसणाऱ्याला कोणी एकटं सोडत नाही, सोडूही नये. आधी प्रशिक्षकाबरोबर तास, मग सोलो, मग चारही चाचण्या नव्याने. एकवीस तास लागले. ३,०४,५०० रुपये, होस्टेल वेगळं. १८ नोव्हेंबर २०२४ ला अर्ज गेला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीपीएल आलं, दहा वर्षांच्या मुदतीचं. २०२३ च्या दुरुस्तीआधी ती पाच वर्षांची होती. १० जानेवारीला बँकेचा पहिला हप्ता कापला गेला. सुमारे ४४,०००. तिला अजून नोकरी नव्हती, आणि हे दोन्ही कागद महिन्याभरात घरात आले.

इथे अनेकांचा एक गैरसमज असतो, आमचाही होता, की सीपीएल म्हणजे एअरलाइनचं दार. नाही. एअरलाइनला सहवैमानिक म्हणून बसायला त्यावर मल्टी-इंजिनची नोंद आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर) लागतं. आयआरला पीआयसी म्हणून गावाहून गावाला (क्रॉस-कंट्री) ५० तास आणि इन्स्ट्रुमेंटचे ४० तास, त्यातले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. इथे आता आम्ही सावध होतो: आयआरला मुदत असते, वेळेत चाचणी देऊन ती पुढे न्यावी लागते. म्हणून तिने ते २०२५ च्या सुरुवातीला, एअरलाइनच्या जाहिराती यायच्या बेतात, दुसऱ्या संस्थेत केलं. क्लास वनही दर वर्षी. ते तिने मुदतीच्या शेवटच्या दिवसांत न करता महिनाभर आधी करायला सुरुवात केली, कारण एखादा रिपोर्ट पुन्हा मागितला तर मधे खंड पडू नये.

अमेरिकेत प्रवासी एअरलाइनच्या सहवैमानिकालाही २०१३ पासून एटीपी, म्हणजे एअरलाइन वैमानिकाचा वरच्या पायरीचा परवाना लागतो, साधारण १,५०० तास. २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर तिथे कायदा बदलला. आपल्याकडे १,५०० तास लागतात ते एटीपीएलला, म्हणजे पुढे कॅप्टन व्हायला. आपला सहवैमानिक दोनशे-अडीचशे तासांवर जेटच्या उजव्या खुर्चीत बसू शकतो. यावर दोन मतं आहेत. माझं मत असं की इतक्या कमी तासांवर बसवायचं असेल तर ते तास, त्या चाचण्या ताज्या असायलाच हव्यात. म्हणून सहा महिन्यांच्या अटीने आम्हाला भाजलं तरी ती अट मला चुकीची वाटत नाही. नऊ महिन्यांनी परत गेल्यावर पहिल्या दोन लँडिंगला प्रशिक्षकाला हात लावावा लागला, हे भाचीने स्वतः मला सांगितलं. कागदावर ती डिसेंबरइतकीच वैमानिक होती. हातात नव्हती.

तिच्या अभ्यासिकेतल्या मैत्रिणीचा भाऊ परदेशात परवाना काढून आला होता. आठ महिन्यांत झालं म्हणून सगळ्यांना हेवा वाटायचा. परत आल्यावर त्याला रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-हवामानाचा कंपोझिट पेपर द्यावा लागला, इथल्या चाचण्या द्याव्या लागल्या, आणि तो त्या सगळ्यात जवळजवळ वर्ष अडकला. त्याचंही तेच झालं होतं: तास लवकर झाले, कागद मागे राहिले.

मी नंतर एक तक्ता केला. पूर्वीच्या यादीत दोन रकाने होते, काय लागतं आणि झालं का. आता तिसरा घातला: हे कधी नासतं. रेग्युलेशन्सपासून आरटीआरपर्यंत सगळं त्यात आहे. मग अर्जाची तारीख धरायची आणि मागे मागे यायचं. अर्ज मार्चअखेर. म्हणजे चारही चाचण्या जानेवारीनंतर. शेवटचे वीस पीआयसी तास राखून ठेवायचे, ते डिसेंबरआधी खर्च करायचे नाहीत. आरटीआर दीडशे तासांच्या आत सुटलेली. पेपर प्रवेशाआधी. प्रवेश ऑक्टोबरमध्ये. क्लास वन कर्जाआधी. आणि बँकेत अभ्यासक्रमाचा काळ सांगताना संस्थेच्या माहितीपत्रकातला आकडा द्यायचा नाही. मागच्या दोन बॅचच्या मुलांना प्रवेश ते परवाना किती महिने लागले ते विचारायचं आणि तो द्यायचा. अठरा महिने मी स्वतःच्या अंदाजाने धरले होते. चोवीस धरले असते तर पहिला हप्ता जुलैत आला असता.

लॉगबुक संस्था तपासते, मुख्य प्रशिक्षकाची, म्हणजे सीएफआयची सही होते. पण तुमच्या अर्जाची तारीख त्यांना माहीत नसते, आरटीआरचा निकाल त्यांच्या टेबलावर येत नाही, क्लास वन कधी संपतं हे वैद्यकीय केंद्राला आणि तुम्हालाच ठाऊक. पाच ठिकाणचे पाच कागद एका जागी फक्त उमेदवाराच्या घरात असतात. म्हणून खिडकीचा हिशेब घरातल्याच कोणीतरी करायला हवा. आमच्या घरात तो मी करायला हवा होता.

एअरलाइनची निवड २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाली. लेखी, संगणकावरच्या समन्वयाच्या चाचण्या, गटचर्चा, मुलाखत. लेखीत नेव्हिगेशनचे प्रश्न आले तेव्हा तिने वहीवर आधी 'खरा', 'चुंबकीय' लिहून घेतलं. त्यानंतर टाइप रेटिंग: त्या एका विमानाचा अभ्यास, तांत्रिक परीक्षा, फुल-फ्लाइट सिम्युलेटर, चाचणी, मग खऱ्या विमानात टेक-ऑफ आणि लँडिंग. मग प्रवाशांसह प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली उड्डाणं, आणि ती समाधानकारक झाली की रिलीज. रिलीज झाल्यावरच ती खऱ्या अर्थाने फर्स्ट ऑफिसर. टाइप रेटिंगचे सोळा लाख वेगळे. बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून काढले.

मागच्या रविवारी ती घरी आली होती. जेवण झाल्यावर तिने तो तक्ता मागितला आणि स्वतःच्या हाताने खाली तीन ओळी वाढवल्या: आयआरची पुढची चाचणी, क्लास वन, सिम्युलेटरची चाचणी. तिसऱ्या रकान्यात तिन्हींच्या तारखा लिहिल्या. मग प्रत्येक तारखेच्या अलीकडे दीड महिन्याची दुसरी तारीख, लाल शाईने.

"ही कसली?" मी विचारलं.

"ही माझी," ती म्हणाली. "बाहेरची त्यांची."